घनश्यामपूरचा उगम

१ जानेवारी १९५७, मंगळवार
नवीन वर्ष, नवीन डायरी, आणि संकल्प एकच, पण भक्कम. 'भंडारा जिल्ह्यातील ग्रामनामांचा उगम व इतिहास' हा ग्रंथ दिवाळीपूर्वी पुरा करायचा. त्यासाठी रोज पहाटे उठायचे. डायरी रोज लिहायची. कमी बोलायचे, लोकांचे ऐकायचे.
ग्रंथाचे नाव ठरले. अर्पणपत्रिका लिहून झाली. लेखकाचे नाव तीन प्रकारे लिहून पाहिले, 'घ. प. तुरकर, हेडमास्तर' पेक्षा 'घनश्याम तुरकर' एवढेच भारदस्त दिसते. आता फक्त मजकूर राहिला.

९ जानेवारी
मध्ये खंड पडला. कारण थंडी. थंडीत विचार गोठतात, हे शास्त्रीय आहे.
सुरुवात राहत्या गावापासून केली. अर्जुनी मोरगाव. अर्जुनी म्हणजे उघडच अर्जुन. वनवासात असताना इकडे शिकारीला आला असणार. मोरगाव म्हणजे मौर्य. म्हणजे आमच्या एवढ्याशा गावात महाभारत आणि मौर्य साम्राज्य दोन्ही! पुण्याला तरी आहे काय हे?
ही थिअरी बाजारात बकारामला सांगितली. बकाराम म्हणजे मालावरच्या, उंच माळरानावरच्या नव्या वस्तीतला म्हातारा, शहाणा समजला जातो. तो म्हणाला, "अर्जुनाची झाडं होती जी इथं. न मोर होते. माह्या आज्यानं पायले." सामान्य माणसाला झाडापलीकडे दिसत नाही, हे त्याला सौम्य शब्दांत समजावून दिले. त्याने विडी पेटवली आणि ती संपेपर्यंत ऐकले.

१७ फेब्रुवारी, रविवार
बोदलकसा पाहून आलो. छोट्या लाइनीच्या गाडीने गोंदिया, पुढे तिरोडा, मग बैलगाडी. कंबर मोडली, पण संशोधन म्हटले की हे आलेच.
तलाव सुंदर. पाहताक्षणीच उगम सुचला: भोजकसा! आम्ही पोवार माळव्यातून, धारेहून आलो. येताना भोजराजाचे नाव गाठोड्यात बांधून आणले नसेल, असे कोण म्हणेल? तिथे जाळे टाकणाऱ्या एका ढिवराला पुराव्यादाखल विचारले. तो म्हणाला, "नाव तं नावच होते जी. मासोरी पायजे का?" मासोळी घेतली. पुरावा म्हणून काही नाही, पण रिकाम्या हाताने येणे बरे दिसत नव्हते.
परतीच्या गाडीत बिरसीचाही निकाल लावला. बिरसी म्हणजे वीरश्री. लढाईच्या काळात सरकारने विमानांची धावपट्टी नेमकी तिथेच केली. वीरांनी उतरायचे ते दुसरीकडे कुठे?
घरी आल्यावर ही म्हणाली, मासोळीला वास मारतो.

३ एप्रिल
आजचा दिवस माझ्या चरित्रात मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल.
जनपद सभेचे मेंबर केवलराम शाळेत आले होते. गेल्या वर्षी नाल्याला पूर आला तेव्हा काठचा टोला, म्हणजे सगळी वाडीच, उठून वर मालावर आली. तिला सगळे 'नवा टोला' म्हणतात. पण नवे टोले जिल्ह्यात पोत्याने आहेत, त्यामुळे टपाल भलतीकडे जाते. सभेने ठरवले आहे की दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेदिवशी टोल्याच्या लोकांनीच नाव निवडावे, आणि तेच रेकॉर्डला लागावे.
केवलराम सहज म्हणाले, एखाद्या चांगल्या माणसाचे नाव सुचले तर बरे. हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. निदान माझ्या दिशेला.
पूर आला तेव्हा सरकारकडे टिनपत्र्यांचा अर्ज कोणी लिहिला? मी. 'जलप्रलयपीडित दीनजनांचा आर्त टाहो' अशी सुरुवात होती. पत्रे आले ते पूर ओसरून, कुडाची घरे उभी राहिल्यावर, पण आले.
घनश्यामपूर. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले. जिभेवर चांगले बसते. आजवर मी नावांचे उगम शोधत आलो. आता मी स्वतः एक उगम होणार. मला हे हवे आहे. फार हवे आहे. मूलबाळ नाही, मागे निदान एक गाव तरी राहील.

१२ मे, रविवार. सकाळी
शाळेला सुटी. घनश्यामपूरला (अजून गुप्त!) जाणे सुरू केले आहे. लोकांत मिसळल्याशिवाय लोक नाव देत नाहीत. शिवाय जुन्या टोल्याच्या बांध्यांची, म्हणजे धानाच्या वाफ्यांची, नावेही टिपून घ्यायची आहेत. सकाळी जावे म्हणजे माणसे घरी सापडतात.
मनिराम ओसरीवर पेज घेऊन बसला होता. मी आलो तसा आदराने उठून उभा राहिला. त्याला प्रत्येक बांधीचे नाव आणि ते का पडले, हे विचारले. मग माळव्याचा विषय निघाला. तो इतका गुंगला की शेळीने पेजेत तोंड घातले, तरी त्याचे लक्ष नव्हते. म्हणजे लक्ष होते, पण मध्येच उठून जाणे त्याला प्रशस्त वाटले नसावे. मडके शेळीने चाटूनपुसून साफ केले. मी निघालो तेव्हा ऊन चढले होते आणि मनिराम तसाच नांगर घेऊन गेला.
जिज्ञासा अशी असावी.

१९ मे, रविवार
आज बकाराम स्टेशनवर भेटला. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला निघाला होता. नवे धोतर, खांद्यावर उपरणे, तोंडावर पंगतीचे तेज. त्याला मेहुण्याच्या गावाच्या नावाचा उगम विचारला. त्याला ठाऊक नव्हता. मग मी सांगितला. सांगता सांगता गाडी आली आणि गेली. छोट्या लाइनीची गाडी थांबते कमी आणि शिट्टी जास्त मारते, यात माझा दोष नाही.
बकाराम प्लॅटफॉर्मवर बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. मी म्हटले, पंगत आज आहे उद्या नाही, इतिहास कायमचा आहे. त्याने उपरण्याची घडी करून काखेत मारली. पटले असावे.
घरी आलो तेव्हा ही डब्यात काही भरून दाराबाहेर पडत होती. विचारले तर म्हणाली, "येते." बायकांची कामे.

१४ जुलै, रविवार
धानाची रोवणी जोरात. बायका चिखलात ओणव्या, परे रोवत गाणी म्हणतात. बांधाच्या धुऱ्यावर उभे राहून ऐकले. गाण्यांत गावांची नावे आली की टिपून घ्यायची, असा प्रोग्रॅम होता.
बकारामची बायको रुख्मा डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन आली. बाई तोंडाची तिखट, पण अनुभवी. तिला धुऱ्यावर थांबवून माहेरच्या गावाचे नाव आणि जुनी हकीकत विचारली. ती सुरुवातीला "जाऊ द्या न जी, बाया उपाशी आहेत," असे म्हणत होती. मी म्हटले, दोन मिनिटे. मग आभाळ भरून आले. मी छत्री उघडली. छत्री एकाच माणसाची असल्यामुळे टोपली भिजली. भाताचे पाणी झाले. बायकांनी गाणे बंद केले.
रुख्मा काहीतरी म्हणाली. पावसाच्या आवाजात नीट ऐकू आले नाही. 'काऊन', म्हणजे 'का म्हणून', हा शब्द दोनदा आला एवढे नक्की.
संध्याकाळी शिंका. ग्रंथ लिहिणे तब्येतीवर अवलंबून आहे. उद्यापासून.

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी
आज डोळ्यांत पाणी आले. टोल्यात शिरत होतो तर मनिराम ओरडला, "ते आले, ते!" माझे नाव नाही, नुसते 'ते'. त्यावर आतून रुख्मा म्हणाली, "नाव नोको घेऊ! आजून चूल पेटाची आहे!"
किती सूक्ष्म संस्कार! गुरूचे नाव पारोशाने, अग्नी प्रज्वलित होण्यापूर्वी घेऊ नये. शास्त्रात असे असलेच पाहिजे, पाहून ठेवतो. नंतर लक्षात आले, आत्तापर्यंत टोल्यात सकाळी कोणीही मला नावाने हाक मारलेली नाही. 'तुरकर गुरुजी' नाही, 'घनश्यामजी' नाही. दुपारी बाजारात भेटले की मात्र खुशाल मारतात.
माझे येणे दिसले की बायका लगबगीने घरात जातात आणि भांडी झाकतात. हाही आदरच.

२६ ऑगस्ट, सोमवार
तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल पाहायला गेलो. तिथे केवलराम भेटले. विषय काढायचा नाही असे ठरवले होते, म्हणून तो सहज काढला. विचारले, टोल्यात माझे नाव निघते काय?
ते म्हणाले, "निघते. दुपारनंतर."
आणि हसले. मीही हसलो. मोठी माणसे अशी सूचक बोलतात. बाकी काय राहिले?

१५ सप्टेंबर
गोंदियाहून छोटेलाल पेंटर आला होता, शाळेची पाटी रंगवायला. त्याला खाजगीत एक काम दिले. सागवानी फळी, पिवळी जमीन, काळी अक्षरे: घनश्यामपूर. छोटेलालने विचारले, "मास्टरजी, ये गाँव कहाँ पड़ता है?" म्हटले, पडेल. पाटी जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवली आहे.
ग्रंथाची प्रगती: अर्पणपत्रिका सुधारली.
घरखर्चाची तक्रार. आम्ही माणसे दोन, तांदूळ लागतो चार जणांचा. ही भाताचे आधण ठेवते ते लग्नघरातल्यासारखे. भाजी कढईभर. आणि दर रविवारी मी टोल्यावरून आलो की दाराशी विचारते, "आज कोण सापडलं?" ही चौकशी संशोधनाविषयी आहे असे मी धरतो. नाव सांगितले की डबा घेऊन बाहेर. आज म्हटले, ग्रंथकाराच्या घरात काटकसर हवी. ती म्हणाली, "ग्रंथकारानं जरा घरात बसावं."

२० ऑक्टोबर, रविवार
भाषण तयार. पहिल्यांदा नाव सुचवले की मी नकार देणार: 'माझ्यासारख्या पामराचे नाव कशाला?' दुसऱ्यांदाही नकार, आवाज थोडा कापरा. तिसऱ्यांदा जनतेच्या इच्छेपुढे मान तुकवणार. आरशासमोर करून पाहिले. दुसरा नकार फारच चांगला होतो. भीती एवढीच की लोक खरा मानतील.
यावर्षी ग्रंथ दिवाळीपूर्वी होणार नाही. पण पहिल्या पानावर 'घनश्यामपूर' ही नोंद आल्याशिवाय छापण्यात अर्थही नाही. म्हणजे उशीर झाला तो योग्यच.

२७ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी
मंडई. टोल्याच्या मोकळ्या माळावर दुकाने लागली होती, दंडारीचे ढोल वाजत होते, आसपासच्या गावांचे लोक आलेले. दुपारी मोहाच्या झाडाखाली सभा. केवलराम अध्यक्ष. ही बायकांत बसली होती. धोतरातली पाटी मी झाडामागे टेकवून ठेवली होती.
केवलराम म्हणाले, आज टोल्याचे नाव ठरायचे आहे, सुचवा. कोणी बोलेना. शांतता अवघड होऊ नये म्हणून मी उभा राहिलो. मी म्हणालो, "नाव असे हवे, की सकाळी डोळे उघडल्याबरोबर गावाच्या ओठांवर ते पहिले यावे!"
सभा हसली. म्हणजे गडगडून हसली. मला वाटले, आनंदाने. मनिरामने तर तोंडात उपरणे कोंबले.
मग रुख्मा उठली. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहितो, कारण विसरण्याची सोय नाही. "गुरुजी, राग नोको मानू. आमाले मालूम आहे तुमाले का पायजे ते. तुमी मानूस वाईट नाई. पन सकारी तुमचं नाव घेतलं, नाई तं तोंड पायलं, का दिवसभर अन्न भेटत नाई, हे साऱ्या टोल्याले मालूम आहे. मनिरामची पेज शेरीनं खाल्ली. माह्या मालकाची पंगत गेली. रोवनीत बायांचा भात वाहून गेला. आता गावाचंच नाव तसं ठेवलं तं आमी रायतो कोठं, हे सकारी कोन सांगन? पोट्टीले पायाले पावने येतीन, विचारतीन कोनतं गाव, तं का दुपारपावतो तोंड बंद ठेवाव? असल्या गावात कोनी पोरगी देत नाई जी. पानी बी कोनी पेत नाई."
टोल्यातली पोक्त माणसे माना हलवत होती. कोणी चेष्टा करत नव्हते. ते खरेच तसे मानत होते. तेच जास्त लागले.
मी काही बोलणार, तोच बकाराम उठला. म्हणाला, "अन्न ज्याच्यानं गेलं त्याचं नाव कायले ठेवाव? ज्याच्यानं भेटलं त्याचं ठेवा. ज्या ज्या दिशी गुरुजी येऊन गेले, त्या त्या दिशी डबा घेऊन कोन आलं? तुलसाबाई! सकारी नाव घ्याले बी चांगलं. तुळशीचं नाव घेऊन कोनी उपाशी रायते का?"
बायकांनी एकच गलका केला. केवलरामांनी विचारले, सगळ्यांना मान्य? सगळ्यांना मान्य होते. तुलसाटोला. त्यांनी लिहूनही घेतले. ही पदर तोंडावर ओढून उठली आणि मंडईच्या गर्दीत दिसेनाशी झाली.
दोन नकार खिशात होते. ते द्यायची वेळच कोणी आणली नाही.

२८ ऑक्टोबर
वाईट वाटले. फार वाईट वाटले. लाजही वाटली. कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.
हिला विचारले, कधीपासून? म्हणाली, शेळीच्या दिवसापासून. बाजारात मनिरामची बायको रडकुंडीला आलेली दिसली, नवरा उपाशी नांगराला गेला म्हणून. मी म्हटले, मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊन त्या शेळीचा इतिहास विचारला असता."
यावर उत्तर दुपारी सुचले. डब्यातला तांदूळ कोणाचा? माझ्या पगाराचा. डबे न्यायचे कारण कोण? मी. म्हणजे बारकाईने पाहिले तर नावाचा खरा उगम माझ्याकडेच येतो. हा पॉइंट तिला सांगितला. तिने माझ्याकडे पाहिले आणि ताटात भात वाढला. थोडा कमी वाढला, असे वाटले.

२ नोव्हेंबर
केवलरामांचा निरोप: पाटी करून घ्यायची आहे, तुमच्याकडे एक फळी आहे म्हणतात. झाडामागे ठेवलेली कोणीतरी उघडून पाहिली होती! आता सगळ्या मंडईला माहीत. छोटेलालला पुन्हा बोलावले. तो म्हणाला, लकड़ी अच्छी है, दूसरी तरफ़ लिख देता हूँ. मी म्हटले, पहिली बाजू खरवडून टाक. तो म्हणाला, रंग पक्का आहे, खरवडता येणार नाही, तुम्हीच पक्का सांगितला होता. ती बाजू झाडाकडे करून ठोकू, असे ठरले.

१० नोव्हेंबर
'तुलसाटोला' ही नोंद ग्रंथासाठी लिहायला बसलो. निरनिराळे मसुदे केले. एकात इथे पूर्वी तुळशीचे वन होते. एकात माळव्याची एक दानशूर राणी. राणीचा मसुदा वाचायला चांगला झाला, पण हीच शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती, त्यामुळे राणी पुढे सरकेना.
खरा उगम मला ठाऊक आहे. जिल्ह्यातल्या एका तरी गावाचा उगम मला पक्का, साक्षीपुराव्यासह ठाऊक आहे, आणि तोच लिहवत नाही. ग्रंथ पुढच्या वर्षी.

१७ नोव्हेंबर, रविवार
पाटी लागली असे कळले. पाहून यावी वाटले. कोणाशी बोलायचे नाही, कोणाला काही विचारायचे नाही, लांबून पाहायची आणि यायचे, असा निश्चय. सायकल पंक्चर, म्हणून सकाळच्या मोटारीने निघालो. मोटार भरलेली होती, धान कापणीच्या बायका, टोपल्या, विळे.
कंडक्टर नवा होता. म्हणाला, "कुठं जायचं?"
मी तोंड उघडले आणि तसेच राहिले. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, हिचे नाव मी कधी तोंडाने घेतलेले नाही. आमच्यात घेत नाहीत. 'अहो ऐकलं का' यावर सगळा संसार झाला. म्हटले, "तो... मालावरचा टोला."
तो म्हणाला, "माल तं साराच आहे. नाव सांगा न जी." म्हटले, नवा टोला. तो म्हणाला, नवे टोले या रोडवर लई आहेत, नाव बोला. मागचे लोक तिकिटासाठी ओरडू लागले. मी घामाघूम. खिडकीतून हात दाखवला. म्हटले, तिकडे.
शेवटी मागच्या बाकावरून एक म्हातारी बोलली. मी तिला कधी पाहिलेले नाही. टोल्यातली नव्हती, दुसऱ्याच कुठल्या गावची. ती कंडक्टरला म्हणाली, "त्यायले तुलसाटोल्यात उतरव. तुलसाबाईचे मालक होत ते."
कंडक्टरने तिकीट फाडले आणि विचारले, "असं काय? नाव काय यांचं?"
म्हातारीने टोपलीवरचा फडका नीट झाकून घेतला. म्हणाली, "दुपारी विचार, सांगीन."